नांगराला लावली की बंद पडणारी जुनी मॅसी: पंप उतरवण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी घेतलेली जुनी मॅसी फर्ग्युसन १०३५, तीन सिलिंडरची, डीपीए रोटरी पंपाची (सिलिंडरांच्या नोझलांना मोजून, दाबाने डिझेल देणारा पंप). सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. रिकामी कितीही चालवा, तक्रार नाही. नांगराला लावली की वीस-पंचवीस मिनिटांत ताकद जाते, रेस खाली येते आणि इंजिन बंद पडतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तेच. मिस्त्रींनी पंप उतरवून त्यातली मुख्य जोडी, हेड-रोटर, बदलायला सांगितलंय. एवढा खर्च या गाडीवर करावा का, असं तुम्ही विचारताय.

आत्ता पंपाला हात लावू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं पंप झिजल्याची कमी आणि पंपापर्यंत डिझेल पुरेसं न पोहोचल्याची जास्त आहेत. रिकाम्या गाडीला डिझेल थोडं लागतं, ते अर्धवट तुंबलेल्या वाटेतूनही येत राहतं. लोड आला की मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि तिथे कमी पडतं. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा सुरू होते, यालाही अर्थ आहे. झिजलेला रोटर इतक्या थोड्या वेळात सुधारत नाही. टाकीच्या तोंडाशी अडकलेला कचरा मात्र ओढ थांबली की खाली बसतो.

जुन्या ट्रॅक्टरच्या डिझेलच्या कामात माझा एकच आग्रह आहे, आणि तो मी नव्या पोरांकडून करून घेतो. सुरुवात टाकीपासून करायची, डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने पुढे जायचं, आणि पंप सर्वांत शेवटी उघडायचा. पंप सगळ्यांत महाग, सगळ्यांत नाजूक आणि घरी तपासता न येणारा भाग. तरी संशय सगळ्यांत आधी त्याच्यावरच येतो. पंप तपासायच्या यंत्रावर, म्हणजे टेस्ट बेंचवर, आलेले कितीतरी पंप मी पाहिले आहेत ज्यांच्यात दोष नव्हता. गाडीवर परत चढवल्यावर काही दिवस ती चालायचीही, कारण पंप बसवताना फिल्टर बदललेला असायचा आणि एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, नीट काढलेली असायची. शेतकऱ्याला वाटायचं पंपाचंच दुखणं होतं.

टाकीकडे जायच्या आधी दोन मिनिटांचं एक काम. बंद करायची नॉब ओढतो ना, तिची केबल पाहा. नॉब आत ढकलल्यावर पंपावरचा स्टॉप लिव्हर पूर्ण मागे येतो का, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा, नॉबवरून अंदाज करू नका. केबल गंजली की लिव्हर पाऊण वाटेवर थांबतो, गाडी सुरू होते, पण पंप डिझेल आखडतं देतो. ॲक्सिलरेटरच्या सळईचंही तसंच. हॅंड थ्रॉटल पूर्ण दिल्यावर पंपावरचा लिव्हर मॅक्सिममच्या स्क्रूला टेकला पाहिजे. पिना आणि भोकं झिजून ढिली झाली असतील तर तो टेकतच नाही. हे तुमच्या तक्रारीचं कारण बहुतेक नसेल, पण याला पैसा लागत नाही म्हणून आधी.

आता टाकी. १०३५ ची टाकी इंजिनाच्या वर, बॉनेटखाली असते. डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं, त्यामुळे या गाडीत टाकीचा दोष बराच काळ लपून राहतो.

पहिला संशय टाकीच्या झाकणावर. झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं. धूळ, रंग, ग्रीस यांनी ते बुजतं, किंवा झाकण हरवलं म्हणून कुणीतरी बाजारातलं घट्ट झाकण लावलेलं असतं. डिझेल जसं कमी होतं तशी त्या जागी हवा आली पाहिजे. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल यायचं थांबतं. गाडी मरायला लागली की लगेच झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडीने पुन्हा जोर धरला, तर तुमचं काम एका दाभणाने झालं. झाकण काढून भोक टोकरा आणि रॉकेलने धुऊन घ्या.

आवाज आला नाही तर टाकीचा कॉक. एसी पंपाकडे येणारा पाइप पंपाच्या बाजूने सोडा, खाली स्वच्छ बादली ठेवा आणि कॉक उघडा. (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणाऱ्या डायफ्रॅमच्या फीड पंपाला आपल्याकडे सगळे एसी पंप म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.) धार जाड, सलग आणि आवाज न करता पडली पाहिजे. इथे बहुतेक जण चूक करतात. धार सुरू झालेली दिसली की समाधान मानतात आणि पाइप परत लावतात. धार निदान चार-पाच लिटर पडू द्या. कचरा वाहत्या डिझेलबरोबर हळूहळू तोंडाकडे येतो आणि तिथे झाकणासारखा बसतो. धार आधी जोरात आणि मग बारीक होत गेली, तर दोष सापडला. तुमच्या गाडीत हेच निघेल असं मला वाटतं.

ते निघालं तर नुसता कॉक काढून फुंकर मारून भागणार नाही. पाइपात कॉम्प्रेसरची हवा मारली की कचरा परत टाकीत जातो आणि पुढच्या पाळीला पुन्हा तोंडाशी येतो. टाकी रिकामी करून उतरवा. कॉक काढा. त्याच्या आत टाकीत उभी राहणारी जाळीची नळी असते, ती फाटलेली किंवा गायब असेल तर कॉकच नवा घ्या. टाकीत दोन-तीन लिटर डिझेल आणि मूठभर स्वच्छ धुतलेली बारीक खडी टाकून टाकी हलवा, ओता, पुन्हा करा. खडी मोजून टाका आणि मोजूनच बाहेर काढा. पाण्याने धुतली तर उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय परत बसवू नका. आणि टाकीला पाझर असेल म्हणून वेल्डिंग करायचं असेल, तर ते टाकी दुरुस्तीचं काम नेहमी करणाऱ्याकडेच करा. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत डिझेलची वाफ राहते आणि तिचा स्फोट होतो. घरच्या वेल्डिंगवर हे कुणी करू नये.

टाकीत हा गाळ येतो कुठून? थोडा टाकीचा स्वतःचा गंज. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात रात्री उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी पत्र्यावर धरतं, तळाशी जातं, पत्रा खातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळपट, बुळबुळीत साय वाढते. ती जिवंत बुरशी आणि जंतूंची असते. कुजकट वास आला आणि फिल्टरवर काळा चिकट थर दिसला तर ओळखा की तीच आहे. उपाय साधा आहे. पावसाळ्यात काम संपल्यावर सकाळी नाही, संध्याकाळी टाकी भरून ठेवायची. बाकीचा कचरा आपण स्वतः घालतो. औषधाच्या, रंगाच्या जुन्या कॅनमधून डिझेल आणणं, उघडा ड्रम, विटलेल्या कापडातून गाळणं. कापडाचे तंतू जाळीवर जाऊन बसतात. बारीक पितळी जाळीचं नरसाळं घ्या आणि ड्रम हलवल्यावर लगेच डिझेल काढू नका. जस्ताच्या मुलाम्याच्या ड्रममध्ये तर डिझेल साठवूच नये, जस्त डिझेलशी विक्रिया करतं आणि त्याचे साबणासारखे क्षार फिल्टर चोंदवतात.

टाकी ते एसी पंप या तुकड्यात आणखी एक गोष्ट पाहा. मूळचा लोखंडी पाइप तुटला म्हणून मध्ये रबरी नळी घातली आहे का? अशी नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतला थर डिझेलने फुगतो, सुटतो. ओढ वाढली की सुटलेला थर पडद्यासारखा आडवा येतो. लोडवर बंद आणि थांबल्यावर ठीक, हे लक्षण यानेही होतं. शक्य असेल तर पूर्ण लोखंडी पाइप करून घ्या. नळीच लावायची असेल तर डिझेलसाठीची, आणि दोन्ही टोकांना क्लिप. बाइंडिंग तारेने आवळलेली नळी हवा ओढते.

एअर ओढण्याबद्दल इथेच सांगतो, कारण यावर फार गोंधळ असतो. एसी पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि पंपाकडे, डिझेल दाबाखाली असतं. तिथे गळती असेल तर ओल बाहेर दिसते. एसी पंपाच्या मागे ओढ असते, तिथली गळती आत हवा घेते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. तुमच्या गाडीत टाकी वर असल्याने दोन्ही घडू शकतं. उभी असताना वायसरपाशी ओल, आणि चालताना, वाट तुंबलेली असेल तर, त्याच जागेतून हवा आत. म्हणून सकाळी गाडी सुरू करण्याआधी कॉक उघडा ठेवून प्रत्येक जोडावर कोरडा कागद टेकवून बघा.

एसी पंपाला जिथे काचेची वाटी असते तिथे वाटी आणि तिचं पॅकिंग. वाटीच्या काठाला चीर असेल तर पॅकिंग कितीही बदला, हवा येणारच. मग डायफ्रॅम. हॅंड लिव्हर चालवताना हाताला दाब लागला पाहिजे. लिव्हर लुळा लागला तर डायफ्रॅम गेलाय असं लगेच धरू नका. हा पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो आणि कॅम वर असताना गाडी थांबली असेल तर हॅंड लिव्हर काहीच करत नाही. इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा बघा. केवळ एवढं माहीत नसल्यामुळे चांगले एसी पंप भंगारात जातात.

डायफ्रॅम खरंच फाटला असेल तर ऑइलची कांडी सांगेल. इंजिन ऑइलची पातळी वाढलेली, ऑइल पातळ, डिझेलचा वास. अशी गाडी एक मिनिटही चालवू नका, बेअरिंग जातील. ऑइलमध्ये डिझेल येण्याची दुसरी वाट म्हणजे रोटरी पंपाच्या शाफ्टचं सील, कारण हा पंप टायमिंग केसला जोडलेला असतो आणि सील गेलं की डिझेल आत टायमिंग केसमधून ऑइल चेंबरमध्ये उतरतं. आधी एसी पंप काढून बघा, तो स्वस्त आहे. तो ठीक असेल तरच सीलचा विचार.

फिल्टरवर मी फार लिहीत नाही, कारण बदलतात सगळेच. बसवताना मात्र घाई होते. जुनं रबर वरच्या हेडच्या खाचेत चिकटून राहतं आणि त्यावर नवं बसवलं जातं. दोन रबरं एकावर एक म्हणजे हमखास हवा किंवा गळती. दाभणाने खाच पूर्ण मोकळी करा. मधल्या बोल्टचं छोटं रबर आणि वायसर विसरू नका. दोन फिल्टर असतील तर टाकीकडून पहिला जाडा आणि दुसरा बारीक कागदी, उलटे लावू नका. आणि स्वस्तातला कागदी फिल्टर घेऊ नका. त्याचा कागद ओला झाल्यावर बसतो किंवा डिंक सुटतो, आणि मग फिल्टर बदलल्यावर गाडी जास्त त्रास देते. बँजो बोल्टांचे (आतून पोकळ, डिझेल जाऊ देणारे बोल्ट) तांब्याचे वायसर दर वेळी नवे असावेत. गावात नवे मिळाले नाहीत तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं. टेफ्लॉनची टेप कुठेही गुंडाळू नका. तिचा एक धागा पंपात गेला तर नुकसान मोठं आहे.

आता एअर काढणं. या गाडीत क्रमाने जा. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करा, हॅंड लिव्हर मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की लिव्हर चालू असतानाच आवळा. मग डीपीए पंपावर दोन एअर स्क्रू आहेत, एक हायड्रॉलिक हेडच्या बाजूला, एक वर गव्हर्नरच्या भागावर. आधी हेडचा, मग वरचा. त्यानंतर पंपात डिझेल येतं ते युनियन (पाइपाचा नट-जोड) सैल करून एकदा. शेवटी नोझलपाशी दोन हायप्रेशर पाइपांची युनियन अर्धा फेरा सैल, स्टॉप नॉब आत, थ्रॉटल पूर्ण, आणि सेल्फ. डिझेल उसळायला लागलं की आवळा. वरचा गव्हर्नरचा स्क्रू बरेच जण सोडून देतात, मग रेस हलत राहते आणि त्याला गव्हर्नरचा बिघाड म्हटलं जातं. सेल्फ सलग मारत राहू नका, पंधरा-वीस सेकंदांनी थांबा.

युनियन सैल करताना एक ताकीद. नोझलमधून सुटणाऱ्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरायचा नाही. तो दाब कातडीतून डिझेल आत घालतो. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात काळानिळा होतो. असं झालं तर घरी मलम लावू नका, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बोटं वाचतात ती लवकर पोहोचल्यामुळेच.

इतकं सगळं नीट करूनही गाडी तशीच वागली, तर पंपाचा विचार करू. त्यासाठी हा पंप आत काय करतो ते कळलं पाहिजे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्नन रूसा याने तयार केलेल्या रचनेवरून इंग्लंडच्या सीएव्ही कंपनीने डीपीए पंप आणला, आणि आपल्याकडे तो लुकास-टीव्हीएसने केला. जुन्या इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा इलेमेंट असतो. इथे फिरणाऱ्या रोटरमध्ये समोरासमोर दोन प्लंजर असतात आणि तेच सगळ्या सिलिंडरांना आळीपाळीने डिझेल देतात. मागच्या टोकाला ब्लेडचा छोटा ट्रान्स्फर पंप असतो, तो रेसप्रमाणे आतला दाब वाढवतो. मीटरिंग वॉल्व्ह किती डिझेल जायचं ते ठरवतो. या पंपात ऑइल नसतं. आतून वाहणारं डिझेल हेच त्याचं वंगण. रोटर आणि हेड यांच्यातली फट काही मायक्रॉनची, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. फिल्टरबद्दल मी इतका हट्ट का धरतो ते यावरून लक्षात येईल.

या रचनेवरून एक सरळ निष्कर्ष निघतो. रोटरी पंपाच्या गाडीत फक्त एक सिलिंडर मिस करत असेल, तर प्लंजरला दोष देता येत नाही. तेच प्लंजर बाकीच्या दोघांना नीट डिझेल देतायत. मग तो पाइप, ते नोझल किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघायचं. जुन्या महिंद्राच्या बी-२७५ ला किंवा एचएमटी झेटर २५११ ला इनलाइन पंप असेल, तर हा निष्कर्ष लागू होत नाही, तिथे एकाच सिलिंडरचा इलेमेंट किंवा डिलिव्हरी वॉल्व्ह जाऊ शकतो. आणि इनलाइन पंपाला खाली स्वतःचं ऑइल असतं, त्याची पातळी कुणी बघत नाही. ज्यांच्याकडे असा पंप आहे त्यांनी आज बघा.

तुमच्या पंपाचा हेड-रोटर झिजला असेल तर खूण वेगळी असते. थंड गाडी झटकन सुरू होते, पण तापलेली गाडी बंद केली की परत सुरू होत नाही. तासाभराने, थंड झाल्यावर, होते. कारण गरम डिझेल पातळ होतं आणि वाढलेल्या फटीतून निसटतं. सेल्फच्या कमी फेऱ्यांवर नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. याची परीक्षा अशी करा. तापलेली गाडी सुरू होत नसताना पंपाच्या हेडवर ओलं गार फडकं पाच-सात मिनिटं ठेवा आणि सेल्फ मारा. आता सुरू झाली तर रोटर झिजलाय, मिस्त्री बरोबर आहेत. थेट गार पाणी मात्र ओतू नका, इतक्या बारीक फटीत एक भाग आकसला आणि दुसरा नाही तर रोटर जागेवर जाम होतो. तुमच्या वर्णनात गाडी तापलेली असतानाच थोड्या वेळात सुरू होते, म्हणून मी पंपाला शेवटी ठेवलंय.

हे रोटर अकाली जातात त्याचं मोठं कारण रॉकेलची भेसळ. रॉकेल पातळ, वंगण नाही, आणि या पंपाला दुसरं वंगण नाही. पाणीही तेच करतं. नव्या डिझेलमुळे जुने पंप जातात असंही बोललं जातं, त्यात थोडं तथ्य आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालायचं, एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये ते दहा लाखांत १० भाग एवढंच असतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो, पण तो भरून काढणारं द्रव्य तेल कंपनीच मिसळते, कारण वंगणगुणाची किमान पातळी मानकातच दिलेली आहे. चांगल्या पेट्रोल पंपावरचं डिझेल घेत असाल तर बाटलीतली औषधं घालायची गरज मला वाटत नाही. फरक पडतो तो जुन्या रबरांवर. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगलेली सीलं नव्या डिझेलमध्ये आकसतात आणि गळायला लागतात. गळती दिसली तर सील किट पुरतं, सगळा पंप बदलायची गरज नसते.

वडिलांच्या काळातली गाडी अनेक वर्षं उभी ठेवून पुन्हा काढणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी एक जादा गोष्ट. उभ्या गाडीत मीटरिंग वॉल्व्ह आणि नोझलच्या सुया चिकटतात. ओढून, ढकलून, उतारावरून सोडून सुरू करू नका. जुनं डिझेल पूर्ण काढा, टाकी आणि फिल्टर करा, पंपात स्वच्छ डिझेल भरून एक रात्र मुरू द्या, मग स्टॉप आणि थ्रॉटलचे लिव्हर हाताने हलके हलवून बघा. बऱ्याचदा वॉल्व्ह सुटतो. सुटला नाही तर बेंच. आणि वॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर सुरू झालेलं इंजिन बेफाम रेस घेऊ शकतं, म्हणून पहिल्यांदा सुरू करताना हवेचं तोंड दाबायला जाड फळी हाताशी ठेवा.

नोझलकडे वळू. तुमच्या तक्रारीत धुराचा उल्लेख नाही, त्यामुळे तुमची नोझलं बरी असावीत. लोडवर काळा धूर, सुरू करताना पांढरा धूर, ठोक्याचा आवाज, यापैकी काही असेल तरच ती काढा. कोणतं नोझल खराब आहे ते शोधायला गाडी स्लोवर ठेवून एकेका नोझलचं युनियन फडक्याआडून क्षणभर सैल करा. ज्याचं सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरकच पडत नाही, ते आधी काढा. नोझल टेस्टरवर चार गोष्टी बघतात. किती दाबाला उघडतं, फवारा कसा पडतो, हळू दाबल्यावर कटकट बोलतं का, आणि दाब धरून ठेवल्यावर टोक कोरडं राहतं का. टोकाला थेंब लटकणारं नोझल पिस्टनचं डोकं जाळतं. उघडण्याचा दाब गाडीच्या पुस्तकातलाच ठेवायचा. डायरेक्ट इंजेक्शनच्या (फवारा थेट सिलिंडरमध्ये पडणाऱ्या) बारीक भोकांच्या नोझलचा दाब बी-२७५ सारख्या प्री-चेंबर (फवारा आधी छोट्या कप्प्यात पडणाऱ्या) इंजिनाच्या पिनवाल्या नोझलपेक्षा बराच जास्त असतो. दोन्हीला एकच आकडा लावणाऱ्या दुकानात काम देऊ नका.

बसवताना नोझलखालचा तांब्याचा वायसर नवा घ्या आणि जुना भोकात चिकटून राहिलाय का ते बॅटरी लावून बघा. दोन वायसर झाले की नोझल वर उचललं जातं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा. तीनही हायप्रेशर पाइप कंपनीने ठरवलेल्या लांबीचे आणि आतल्या भोकाचे असतात. तुटला तर वेल्डिंग किंवा दुसऱ्या गाडीचा वाकवलेला पाइप चालणार नाही. पाइपांच्या क्लिपा जागेवर असू द्या, कंपनाने पाइप तुटतो तो क्लिप नसल्यामुळेच.

शेवटी, पंप खरंच द्यावा लागला तर. तालुक्याला किंवा जिल्ह्याला जिथे टेस्ट बेंच आहे अशाच दुकानात द्या, बाकावर उघडणाऱ्याकडे नाही. उतरवण्याआधी पंप बाहेरून धुवा, पंपाच्या फ्लॅंजवरची आणि टायमिंग केसवरची रेघ एकमेकींसमोर आहे का ते बघून फोटो काढा. शाफ्टला एक रुंद दात असतो, त्यामुळे पंप एकाच स्थितीत बसतो. तो ठोकून घालायचा नाही, आणि रेघ जुळली नाही तर टायमिंग हलतं. सोडलेल्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाला लगेच स्वच्छ टोपी किंवा पिशवी बांधा. पंपावरच्या पाटीचा फोटो घेऊन जा, कारण डीपीएचे प्रकार पुष्कळ आहेत आणि सेटिंग पाटीवरच्या नंबरावरून काढतात. दुकानदाराला सांगा की उघडण्याआधी आहे तसा बेंचवर चालवून आकडे दाखव, ट्रान्स्फर प्रेशर किती, पूर्ण डिलिव्हरी किती, सेल्फच्या रेसला डिलिव्हरी किती. सेल्फच्या रेसची डिलिव्हरी पुस्तकातल्या आकड्याच्या जवळ असेल, तर हेड-रोटर बदलायचं कारण उरत नाही. बदललाच तर जुने भाग मागून घ्या आणि रोटरवर ओरखडे आहेत का ते उजेडात बघा.

भाग घेताना नुसतं मॅसीचं नोझल द्या असं म्हणू नका. नोझलवर डीएलएलए किंवा तसा कोड आणि आकडे कोरलेले असतात, तेच घ्यायचे. भोकांची संख्या आणि कोन त्यावरून ठरतो. नाशिकला सातपूरमध्ये बॉशचा, म्हणजे आपल्या जुन्या मायकोचा, नोझल-इंजेक्टरचा कारखाना आहे, आणि तरीही त्याच नावाच्या डब्यात नकली माल आपल्याच बाजारात मिळतो. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि बिल घ्या. ब्लेड, सील किट, डायफ्रॅम, नोझल या गाडीसाठी अजून सहज मिळतं, आणि म्हणूनच ही गाडी विकायचा विचार डिझेलच्या दुखण्यावरून तरी करू नका. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या, म्हणजे नव्या कॉमन रेल ट्रॅक्टरचं असं दुखणं बांधावर उभं राहून शोधता येणार नाही, तुमच्या मॅसीचं येतं.

उद्या झाकण आणि टाकीची धार, एवढंच करा. धार बारीक होत गेली का, आणि बंद पडल्यावर झाकण सैल केल्याने फरक पडला का, या दोन गोष्टी कळवा. तोपर्यंत मिस्त्रींना सांगा की पंप उतरवायला थोडं थांबा.